2520 'एकमेव' नाही, आणि तो रामानुजन यांचा शोधही नाही

नागपुरातल्या पालकांच्या आणि शिकवणीच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतो आहे. 1 ते 10 पर्यंतच्या प्रत्येक आकड्याने भाग जाणारी 2520 ही जगातली एकमेव संख्या. तिचं गुपित 7 × 30 × 12, म्हणजे वार, दिवस आणि महिने. आणि ती शोधली श्रीनिवास रामानुजन यांनी. यातले भागाकार खरे आहेत. बाकीचं टिकत नाही.

'एकमेव' हा शब्द आधी खोडा. 5040 घ्या, 7560 घ्या, 2520 ची कुठलीही पट घ्या. दहाही भागाकार निःशेष जातात. 2520 त्यांतली सर्वांत लहान, एवढंच. ती काढायला शाळेतला लसावि पुरतो: 1 ते 10 मध्ये 2 चा सर्वांत मोठा घात 8, 3 चा 9, शिवाय 5 आणि 7. 8 × 9 × 5 × 7 = 2520. मुलं इथे दहाही आकडे गुणून 3628800 वर पोचतात. ती संख्या 2520 च्या 1440 पट आहे, कारण 2, 3 आणि 5 पुन्हापुन्हा मोजले जातात.

एखादी मोठी संख्या तपासायची तर 5, 7, 8 आणि 9 ने भाग जातो का तेवढं पाहा. उरलेले आपोआप जातात. या चौघांतल्या कुठल्याही दोघांत 1 सोडून सामाईक अवयव नाही म्हणून हे चालतं. नाहीतर फसगत होते: 36 संत्र्यांचे 4-4 चे ढीग बरोबर लागतात, 6-6 चेही लागतात, पण 4 × 6 म्हणजे 24 चा ढीग लावला की 12 उरतात.

कॅलेंडरचा संबंध तर 30 च्या जागी 31 ठेवताच तुटतो: 7 × 31 × 12 = 2604, आणि तिला 5, 8, 9, 10 ने भाग जात नाही. 35 × 72 केलं तरी 2520 च येते.

रामानुजन यांच्या नावावर लसावि खपवणं मात्र आम्हाला फार खटकतं. ती रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या सातव्या खंडातच आहे. रामानुजन यांनी 1915 च्या निबंधात विचारलेला प्रश्न याहून कितीतरी खोल होता: आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक कोणत्या संख्यांना असतात? 2520 अशीच आहे. तिचे मूळ अवयव 2³ × 3² × 5 × 7; प्रत्येक घातांकात 1 मिळवून गुणा, 4 × 3 × 2 × 2 = 48 विभाजक. अशा संख्येत सर्वांत मोठ्या मूळ अवयवाचा घातांक 1 च असतो, अपवाद फक्त 4 आणि 36, हे त्यांनी सिद्ध केलं.

अशा संख्यांचा त्यांचा तक्ता 6746328388800 पर्यंत जातो. ही संख्या म्हणजे 2⁶ × 3⁴ × 5² × 7² × 11 × 13 × 17 × 19 × 23, विभाजक 10080. तिला 23 ने भागलं की 293318625600 येते, विभाजक 5040. तीही याच जातीची, पण त्या तक्त्यात नेमकी तीच सुटली आहे.