काजळीत नॅनोट्यूब असतात म्हणून ती बाळाच्या डोळ्यात घालायची?

"आपल्या पूर्वजांना नॅनोटेक्नॉलॉजी येत होती" हा फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. त्याचं म्हणणं असं, की दमास्कसच्या तलवारीत कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या) सापडल्या म्हणजे आपल्या लोहारांना त्या बनवता येत होत्या, ती तलवार स्टीलच्या शंभरपट मजबूत होती, १९९१ मध्ये जपान्यांनी ही विद्या चोरली, आणि शेवटी, दिव्याच्या काजळीतपण त्याच नॅनोट्यूब असतात, तेव्हा तान्ह्या बाळाच्या डोळ्यात रोज काजळ घाला, कार्बन नैसर्गिक आहे, अपाय शून्य. एरवी मी सोडून दिलं असतं. पण माझ्या मावसबहिणीची मुलगी जेमतेम दोन महिन्यांची आहे आणि मावशीने तिला हाच मेसेज पाठवलाय, वर "बघ, आता सायन्सपण तेच म्हणतंय".

तर आधी काजळ. काजळीत अशा नळ्या सापडतात, हे मान्य, लाकूड-गॅस जळतानाही त्या थोड्याफार तयार होतात. पण सापडल्या म्हणजे चांगल्या, हे कुठून आलं? अ‍ॅस्बेस्टॉसपण नैसर्गिकच आहे ना, जमिनीतूनच निघतो! २००८ मध्ये एडिंबराच्या संशोधकांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत नॅनोट्यूब सोडून बघितल्या, तेव्हा लांब, सरळ नळ्यांनी अ‍ॅस्बेस्टॉससारखीच सूज आणि गाठी आल्या, कारण सफाई करणाऱ्या पेशींना एवढी लांब काडी गिळता येत नाही. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं झालं नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने एका प्रकारच्या नॅनोट्यूबला 'कॅन्सरकारक असू शकेल' या गटात टाकलं, बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हटलं. काजळाने कॅन्सर होतो असं मी म्हणत नाहीये, पण "अपाय शून्य" असं कोणी सिद्ध केलेलं नाही. आणि बाळाचा डोळा बिघडायला नॅनोट्यूब कशाला लागतात, बोटावरचे जंतू पुरतात, आणि बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांत शिसं निघालेलं आहे. तीट लावायचीच तर कपाळाला लावा, तळपायाला लावा, डोळ्यात बोट घालू नका.

आता तलवार. बातमी खरी आहे. २००६ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या पीटर पाउफ्लर यांच्या गटाने छापलं, की तलवारीचा तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवल्यावर मागे कार्बनच्या नळ्या उरल्या, काहींच्या आत सिमेंटाइटच्या (लोखंड आणि कार्बनच्या कठीण संयुगाच्या) अतिसूक्ष्म तारा. पण ती तलवार सतराव्या शतकातली, असद उल्लाह नावाच्या कारागिराची, स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या म्युझियममधली. हजारो वर्षांपूर्वीची नाही. शिवाय अमेरिकेतल्या आयोवाचे धातुतज्ज्ञ जॉन व्हरहोवन यांनी तेव्हाच शंका काढली होती, की सिमेंटाइट स्वतःच काडीसारखं असू शकतं, म्हणजे दिसलं ते नॅनोट्यूब नसेलही.

शंभरपट मजबुतीचा आकडा लॅबमध्ये ताणून बघितलेल्या एकेकट्या नळीचा आहे, तलवारीचा नाही. चोरीचं तर बोलायलाच नको, १९९१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमांना त्या कार्बनच्या इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या, तलवारीशी संबंधच नाही, आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तर १९५२ मध्येच अशा नळ्यांचे फोटो छापले होते.

मला राग याचा येतो, की लोहारांनी खरंच जे केलं ते यात कुठेच नाही. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मातीच्या मुशीत लोखंड आणि झाडपाला बंद करून तापवायचे, मग सावकाश निवू द्यायचे. दीडेक टक्का कार्बनचं वुट्झ पोलाद निघायचं आणि व्यापाऱ्यांच्या हातून पार इराणपर्यंत जायचं; दमास्कसच्या म्हणून गाजलेल्या तलवारी अशाच पोलादाच्या. व्हरहोवन यांच्या मते या तलवारींच्या पात्यावर दिसणारी लाटांसारखी नक्षी खनिजातल्या किंचित व्हॅनेडियमसारख्या धातूंमुळे यायची, आणि तसं खनिज संपल्यावर त्याच हातांनी, त्याच रीतीने घडवलं तरी नक्षी उमटेना. आत काय चाललंय हे त्यांना दिसत नव्हतं, दिसायचं साधनच नव्हतं, तरी डोळ्यांनी रंग बघून भट्टीचा ताव ओळखणारी ही माणसं होती.