'सगळा पैसा एका चित्रात' मावत नाही

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर निवडणूक रोख्यांचा तो डॅशबोर्ड दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने उगवतो. रोखा म्हणजे स्टेट बँकेकडून विकत घेऊन राजकीय पक्षाला द्यायची देणगीची चिठ्ठी, पक्ष ती बँकेत वटवून पैसे घ्यायचा. काळ्या पडद्यावर रंगीत गोल, गोलांतून निघणारे बाण, कोपऱ्यात 15 मार्च 2024 ही तारीख आणि खाली मजकूर: 'निवडणुकीचा सगळा पैसा एका चित्रात. सरकारी आकडे आहेत, पीडीएफ वाचत बसू नका.' या वेळी तो आतेभावाने टाकला आणि मला टॅग केलं, "ताई, हे तुझ्या कामाचं." आहेच माझ्या कामाचं. करसल्लागाराच्या ऑफिसात दिवसभर माझं एक्सेलशी भांडण चालतं आणि असले डॅशबोर्ड मी स्वतःही बनवते. म्हणून त्या चित्रातला आणि त्याच्यासोबत फिरणारा एकेक दावा घेते.

'निवडणुकीचा सगळा पैसा.' निवडणूक रोख्यांचासुद्धा सगळा नाही, बाकीचं तर सोडाच. 2018 पासून सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2024 मध्ये योजना रद्द करेपर्यंत स्टेट बँकेने सुमारे 16,518 कोटींचे रोखे विकले. निवडणूक आयोगाने 14 मार्च 2024 ला जी खरेदीदारांची यादी टाकली, तिची बेरीज सुमारे 12,155 कोटी येते, कारण ती 12 एप्रिल 2019 पासून सुरू होते. त्याआधीच्या चार हजारांहून जास्त कोटींचा त्या चित्रात ठिपकासुद्धा नाही. पक्षांना वीस हजारांपर्यंतच्या देणग्या देणाऱ्यांची नावं कळवावीच लागत नाहीत, तो पैसा कुठल्याच गोलात येत नाही. चित्रातला पहिला खांब बघून 'एप्रिल 2019 मध्ये अचानक पाऊस पडला' असंही कोणीतरी लिहिलंय. पाऊस आधीपासून चालूच होता, मोजायचं भांडं तेव्हा बाहेर ठेवलं.

'विकले त्यापेक्षा जास्त वटवले, म्हणजे छापले कोणी?' हा दावा मला सगळ्यांत आवडतो, कारण आकडे खरे आहेत. यादीत खरेदी झालेले रोखे 18,871 आणि वटवलेले 20,421. म्हणजे 1,550 जास्तीचे. पण बँकेने कोर्टात दिलेल्या प्रतिज्ञापत्रातच उत्तर आहे. 1 ते 11 एप्रिल 2019 या अकरा दिवसांत 3,346 रोखे विकले गेले आणि त्या दिवसांत 1,609 वटले. उरले 1,737. रोख्याची मुदत पंधरा दिवसांची, म्हणजे हे उरलेले 12 एप्रिलनंतर बँकेत आले. त्यांची खरेदी यादीबाहेर राहिली आणि वटणं यादीत आलं. आता 1,737 मधून पूर्ण काळात वटवलेच न गेलेले 187 वजा करा. बरोबर 1,550. कागदावर चार ओळींचा हिशेब आहे, पण डॅशबोर्ड करणाऱ्याने दोन बेरजा शेजारी-शेजारी ठेवल्या आणि लाल रंग दिला.

'बाण बघा, कोणाचा पैसा कोणाकडे गेला ते कळतं.' तारीख पुन्हा वाचा: 15 मार्च. त्या दिवशी लोकांसमोर फक्त दोन सुट्या याद्या होत्या, एकीत कोणी घेतले, दुसरीत कोणी वटवले. दोन्ही जोडणारा रोख्याचा क्रमांक कोर्टाने कान उपटल्यावर 21 मार्चला बाहेर आला. मग 15 तारखेला बाण काढले कशावरून? एवढी रक्कम अमुक दिवशी घेतली, तेवढीच चार दिवसांनी तिकडे जमा झाली, म्हणजे तीच असणार, असं अंदाजाने. नवी फाइल आल्यावरही खड्डा आहेच. क्रमांकाच्या आधी एक उपसर्ग असतो, रकमेची इंग्रजी आद्याक्षरं: दहा लाखाच्या रोख्याला टीएल, एक कोटीच्या रोख्याला ओसी. नुसत्या क्रमांकावर दोन तक्ते जोडले, तर दहा हजारांचा रोखा एक कोटीच्या रोख्याला जाऊन चिकटू शकतो. मी स्वतःचा तक्ता करायला बसले तेव्हा पहिल्या रात्री माझ्याकडेही असंच झालं आणि बेरीज फुगली, तेव्हा उपसर्ग आठवला. हे नीट जुळवायला महिने लागतील म्हणून बँकेने 30 जूनपर्यंत मुदत मागितली होती. क्रमांक हातात पडल्यावर पत्रकारांनी एक-दोन दिवसांत जुळवून दाखवलं, हे मात्र डॅशबोर्डवाल्यांच्या बाजूने बोलायला हवं.

'गोल बघूनच कळतं कोण किती मोठं.' भाजपने त्या यादीप्रमाणे सुमारे 6,060 कोटी वटवले, काँग्रेसने 1,421 कोटी. म्हणजे सव्वाचार पट. चित्रकाराने गोलाचा व्यास सव्वाचार पट केला, तर डोळ्याला क्षेत्रफळ दिसतं आणि ते होतं अठरा पट. मी पट्टी लावून पाहिलं, इथे तेच झालंय. पक्ष कुठलाही असो, ही चूक मोठ्याला आणखी मोठं करते. साधे आडवे खांब काढले असते तर भांडण मिटलं असतं, पण खांब कोण फॉरवर्ड करतो!

'नकाशात इंदूर कोरं, म्हणजे इथल्या शेठ लोकांनी दमडी दिली नाही.' यावर आमच्याकडे दोन दिवस छाती फुगवणं चाललं होतं. रोखे देशभरात स्टेट बँकेच्या फक्त 29 शाखांत मिळत. मध्य प्रदेशात ती शाखा भोपाळला. इंदूरच्या कारखानदाराने घेतला तर नकाशावर ठिपका भोपाळला उमटणार, त्याचं खातं मुंबईला असेल तर मुंबईला. तो नकाशा काउंटर कुठे होतं ते दाखवतो, पाकीट कोणाचं ते नाही.

राहिला शेवटचा दावा, हिरव्या पट्टीचा: 'विधानसभेत 40 लाखांची मर्यादा, बहुतेकांनी त्याच्या खूप आत खर्च केला, म्हणजे निवडणूक स्वस्त झाली.' 2023 च्या विधानसभेत आमच्या साहेबांनी एका उमेदवाराचं खर्चाचं काम घेतलं होतं आणि ती वही मी लिहिली आहे. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. चहा, खुर्ची, मांडव, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवतं. एका सभेला आम्ही 300 खुर्च्या लिहिल्या, खर्चावर नजर ठेवणाऱ्या सरकारी पथकाच्या व्हिडिओत 420 निघाल्या. पथकाची स्वतंत्र छाया-वही असते, म्हणजे त्यांनी पाहिलेल्या खर्चाची त्यांची नोंद, तपासणीत दोन्ही समोरासमोर ठेवल्या आणि फरक आमच्या नावावर चढला. म्हणजे वही अगदीच नाटक नाही. पण ती सुरू होते अर्ज भरल्यावर आणि संपते निकालाच्या दिवशी. गणपतीच्या मांडवांवर महिनाभर आधी झळकलेले इच्छुकांचे फलक तिच्यात नाहीत. यादीतल्या स्टार प्रचारकाचं हेलिकॉप्टर नाही. पक्षाने स्वतःच्या नावावर केलेल्या सर्वसाधारण प्रचाराला तर मर्यादाच नाही. हिरवी पट्टी ही त्या वहीची बेरीज आहे, निवडणुकीच्या खर्चाची नव्हे.

आणि 'पीडीएफ वाचत बसू नका'? तो डॅशबोर्ड कोणीतरी पीडीएफ वाचूनच केलाय ना! माझ्या तक्त्यात मी डाव्या बाजूला एक राखाडी चौकोन ठेवलाय, 'जुळले नाही' नावाचा, आणि कुठल्याही खांबावर क्लिक केलं की खालच्या मूळ ओळी उघडतात, तारीख आणि उपसर्गासकट. आतेभावाला तो पाठवला तर म्हणतो मोबाइलवर उघडत नाही. रविवारी लॅपटॉप घेऊन येतोय.