मुक्तीआधी एकशे आठ धारा

मुक्तिनाथाच्या यात्रेला नेपाळात गेलं की आपण फसतो ते सगळं ओळखीचं दिसतं म्हणून. पाट्या देवनागरीत, देव आपलेच, ताटात वरणभात. परदेशात आलोय हे डोक्यात शिरतच नाही, आणि विमानतळावर काका ऐटीत आधार कार्ड पुढे करतात. विमानाने जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. 65 च्या पुढे सवलत आहे. काका हमखास 62 चे असतात.

मग पैसे. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी होतात. भारतीय ते 'आयसी', नेपाळी ते 'एनसी'. भाव ऐकला की आधी आयसी की एनसी ते विचारायचं, घासाघीस नंतर. नाहीतर 800 ची माळ मोठ्या पराक्रमाने 500 वर आणावी आणि ते 500 आयसी निघावेत. म्हणजे झाले पुन्हा 800. आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे शनिवारी पशुपतिनाथाला अख्खं काठमांडू रांगेत. चामड्याचा पट्टा आत चालत नाही, तेव्हा विजार सैल असेल तर नाडीची सोय करून या.

घड्याळ आपल्या 15 मिनिटं पुढे. अर्धा तास असता तर काटे फिरवले असते. 15 मिनिटांसाठी कोण फिरवतो? पोखऱ्याहून मुक्तिनाथाच्या वाटेवरच्या जोमसोमचं विमान मात्र फिरवायला लावतं. अन्नपूर्णा आणि धवलगिरी यांच्या मधल्या कालीगंडकीच्या खोऱ्यात दुपार जवळ आली की वारा सुटतो, म्हणून विमानं सकाळीच उडतात. ढग आले की तीही नाहीत. मग हाडं खिळखिळी करणारी दिवसभराची जीप. दोन दिवस हाताशी जादा ठेवलेले बरे.

मुक्तिनाथ सुमारे 3700 मीटरवर. देवळामागे अर्धवर्तुळात 108 गोमुखं, त्यांतून बर्फाचं पाणी. खालून जायचं, मग पुढच्या दोन कुंडांत बुडी. सगळे एकच चूक करतात: थंडी चुकवायला श्वास रोखून धावतात. इतक्या उंचीवर हवा विरळ, त्यात रोखलेला श्वास. विसाव्या धारेशी विष्णुसहस्रनामातलं एकही नाव आठवत नाही. सावकाश चाला, तोंडाने श्वास सोडत राहा. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर प्रत्येक धारेचं पाणी बोटांनी डोक्यावर शिंपडा. देव मोजत बसत नाही, मोजतात ते सोबतचे. टॉवेल आणि कोरडे कपडे खोलीवर ठेवून आलात तर पुढचं दर्शन दात वाजवत होतं.

आत तीर्थ देणारे हात बहुधा मरून रंगाच्या वस्त्रांतल्या बौद्ध भिक्षुणीचे असतात. आपण विष्णू म्हणतो त्या मूर्तीत बौद्धांना करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर दिसतो, आणि दोघांची पूजा शेजारीशेजारी चालते. काकांनी गोत्र आणि नक्षत्र तयार ठेवलेलं असतं. कोणी विचारत नाही.