यादी आगीआधी मागा

गाळा जळाला की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जातो, "विमा होता ना, मग काळजी कशाला?" भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान कारखानदारांचे हिशेब पाहण्याच्या निमित्ताने अशा काही दाव्यांच्या कागदपत्रांत मी डोके घातले आहे. कंपन्या दावे बुडवतात, ही आपली ठरलेली तक्रार असते. माझ्या पाहण्यात मात्र दावा सरसकट फेटाळला गेल्याचे क्वचितच आले; तो कापत कापत खाली आणला जातो, आणि त्यासाठी लागणारी कात्री पॉलिसी निघते त्याच दिवशी कंपनीच्या हाती पडलेली असते.

पॉलिसी बहुधा बँकेमुळे निघते. कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर होते, यंत्रे आणि माल तारण लागतो, आणि बँक कर्जाच्या आकड्याभोवती विमा उतरवून हप्ता खात्यातून वळता करून घेते. आत काय आहे हे पाहायला कोणीही गाळ्यात येत नाही. मालकाला आकडा विचारलाच, तर तो ताळेबंदातला देतो. प्राप्तिकराच्या हिशेबात यंत्रांवर दरसाल 15 टक्के घसारा लागतो, त्यामुळे दहा वर्षांनी ताळेबंदात मूळ किमतीचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. आग मात्र त्या पाचव्या हिश्शाला लागत नाही, अख्ख्या यंत्राला लागते.

1 एप्रिल 2021 पासून एका ठिकाणच्या 5 कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली. जुन्या आग विम्यापेक्षा ती निश्चितच बरी आहे, कारण विमा रक्कम 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ती त्रुटी माफ होते. तूट त्याहून मोठी असली की मात्र सरासरीचे कलम लागते. समजा, गाळ्यातल्या यंत्रसामग्रीचे मूल्य 40 लाख, विमा 25 लाखांचा आणि नुकसान 10 लाखांचे. नुकसान विमा रकमेच्या आत असल्यामुळे मालक निर्धास्त असतो, पण नुकसान मोजायला आलेला सर्व्हेअर 25 भागिले 40 हे प्रमाण लावतो आणि 10 लाखांचे 6 लाख 25 हजार होतात. त्यातून भंगाराची किंमत आणि पॉलिसीतली ठरावीक वजावट आणखी जाते. नव्या किमतीच्या तत्त्वावर विमा असला, तरी प्रत्यक्षात नवे यंत्र घेईपर्यंत घसारा वजा जाता उरणारी रक्कमच हाती येते. म्हणजे ज्याच्याकडे नवे यंत्र घ्यायला पैसे नाहीत त्याने ते आधी घ्यावे, अशी ही व्यवस्था आहे.

यंत्राचे निदान बिल तरी सापडते. खरा प्रश्न टूल रूममधल्या कपाटाचा असतो. स्लिप गेजची पेटी, प्लग गेज, मायक्रोमीटर अशी मापाची साधने, कॉलेटचे संच, कार्बाइडच्या एंड मिल अशी यंत्रावर लावायची हत्यारे आणि त्यांच्या शेजारी कामगारांनी वर्षानुवर्षे गरजेप्रमाणे गाळ्यातच बनवलेली, काम पकडून ठेवणारी फिक्स्चर, ज्यांची बिले कधी नव्हतीच. विकत घेतलेली हत्यारेही खरेदीच्या वेळीच खर्चात टाकलेली असल्यामुळे मालमत्तेच्या यादीत नसतात आणि बँकेला दरमहा जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही नसतात. सर्व्हेअर पुरावा मागतो, आणि मागणे त्याचे कामच आहे. जीएसटी पोर्टलवरून पुरवठादारांच्या बिलांचे क्रमांक आणि रकमा मिळतात, पण त्या बिलावर काय घेतले होते ते तिथे दिसत नाही, म्हणून मालकाला पुरवठादारांकडे जुन्या प्रती मागत फिरावे लागते. ग्राहकाने जॉबवर्कसाठी, म्हणजे मजुरीवर काम करून घेण्यासाठी, पाठवलेला डाय (साचा) जळाला असेल तर आणखी पंचाईत, कारण दुसऱ्याचा माल पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवला नसेल तर तो विम्यात धरत नाहीत, आणि ग्राहक भरपाई मागतोच. (जळालेल्या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे परत करावे लागते, याची आठवण तर दावा मिटत आल्यावर होते.)

आगीइतकेच नुकसान पुष्कळदा पाण्याने होते. अग्निशमन दलाचे बंब गेल्यावर लेथच्या बेडवर रात्रीत गंज चढतो. तपासणी होईपर्यंत कशालाही हात लावू नका, असे फोनवर कोणीतरी सांगते, आणि नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी मात्र पॉलिसीतच मालकावर टाकलेली असते. फोटो काढावेत, कंपनीला ईमेल पाठवावा आणि बेडला तेल लावून मोकळे व्हावे, असा सल्ला मी देतो.

सर्व्हेअरचा अहवाल ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रदीपकुमार प्रकरणात 2009 मध्येच सांगितले आहे. 'पूर्ण व अंतिम' असे छापलेल्या पावतीवर दबावाखाली सही घेतली असेल, तर तेवढ्याने ग्राहकाचा दाद मागण्याचा हक्क जात नाही, हेही 1999 पासून ठरलेले आहे. एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे जाता येते. पुण्यात आणि मुंबईत त्याची कार्यालये आहेत. हे सगळे मार्ग वापरावेतच, पण ते पायरीपायरीने चढेपर्यंत गाळ्याचे भाडे आणि बँकेचे व्याज थांबत नाही, आणि हातचे कुशल कामगार शेजारच्या गाळ्यात कामाला लागतात.

म्हणून माझी मागणी दाव्याच्या नव्हे, हप्त्याच्या दिवसाबद्दल आहे. त्याच 2021 मध्ये आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, घरातल्या सामानाला यादी न देता संरक्षण मिळते आणि विमा रक्कम कमी पडल्याचे कारण देऊन दावा प्रमाणात कापता येत नाही. सोफा आणि फ्रिज यांच्या बाबतीत जो विश्वास दाखवला जातो, तो हातहत्यारांच्या कपाटाच्या वाट्याला का येऊ नये? सूक्ष्म उद्योगाच्या पॉलिसीत यंत्रांच्या विमा रकमेचा काही टक्के भाग हत्यारे, गेज आणि फिक्स्चर यांच्यासाठी यादीविना राखून ठेवावा. त्यापलीकडच्या मालमत्तेसाठी कंपनीने पॉलिसी देताना माणूस पाठवून यादी करावी, फोटो काढावेत आणि मूल्य तिथेच ठरवून दोघांनी सह्या कराव्यात. एकदा अशी सही झाली की त्या वर्षात सरासरीचे कलम लावू नये. यासाठी हप्ता थोडा वाढला तरी चालेल, असे मी ज्या ज्या कारखानदारांशी बोललो त्यांचे म्हणणे आहे, आणि ही मंडळी हप्त्याच्या बाबतीत एरवी एक रुपयाही सोडत नाहीत.