सिस्टर, तुमचे तास भरले का?

पोटुशीचे दिवस भरतात, पाप्याचा घडा भरतो, नर्सचे मात्र तास भरतात. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं आणि त्या पाच वर्षांत १५० तासांचं निरंतर शिक्षण झाल्याचं दाखवायचं, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. आकडा ऐकून दचकू नका. वर्षाला ३० तास, म्हणजे महिन्याला अडीच. एवढा वेळ तर आपण आठवड्याभरात चादरींचा हिशेब लावण्यात घालवतो.

पहिली चार वर्षं तासांचा विचारसुद्धा करू नका. शिकायची घाई बरी नव्हे. पाचव्या वर्षी ऑफिसातून ‘तुमचं रिन्युअल जवळ आलंय’ असा निरोप आला, की ग्रुपवर टाका : ‘कुणाकडे क्रेडिट अवर्सचं काही आहे का गं?’ पाच मिनिटांत चार पत्रिका येतील. निवडताना विषय बघू नका. आधी तास किती ते बघा, मग जेवण आहे का ते, आणि जेवणानंतर पुन्हा सही घेतात का ते तर नक्कीच बघा.

विषय बघायचा नाही, कारण तो बहुतेक हात धुण्याचाच असतो. मी आजवर इतक्यांदा हात धुवायला शिकले आहे की रेषा पुसल्या गेल्या. रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या पलंगा-टेबलाला हात लागल्यावर, असे पाच प्रसंग. साबणपाण्यानं ४० ते ६० सेकंद, नुसतं हँडरब, म्हणजे हातावर चोळायचं सॅनिटायझर, असेल तर २० ते ३०. हे सगळं खरं आहे, त्यानं माणसं वाचतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकदा मी फक्त हिशेब घातला. वॉर्डात ४० पेशंट. इंजेक्शनच्या एका राउंडला प्रत्येकाच्या आधी नि नंतर मिळून ८० वेळा हँडरब, कमीत कमी २० सेकंदांनी १६०० सेकंद. सत्तावीस मिनिटं नुसते हात चोळण्यात, आणि संध्याकाळच्या ड्यूटीला आम्ही दोघी. सेमिनारमध्ये हात वर करून विचारलं, ‘मॅडम, हे कसं बसवायचं?’ मॅडम म्हणाल्या, ‘छान प्रश्न आहे, चहानंतर घेऊ.’ चहानंतर प्रमुख पाहुणे पोचले, म्हणून राहिलेलं दीपप्रज्वलन उरकलं. तुम्ही असले प्रश्न विचारू नका. सगळ्यांचा चहा लांबतो.

रजेची काळजी नको, कारण रजा मिळणारच नाही. सेमिनार तुमच्या वीकली ऑफला येतो, नाहीतर नाईटनंतर. नाईटनंतरचा उत्तम. पुढच्या पाळीला ओव्हर, म्हणजे पेशंटांची माहिती, देऊन आठला सुटायचं, बाथरूममध्ये साडी नेसायची, नऊला नोंदणीच्या टेबलावर हजर. बसायचं खांबाआड, हातात पेन धरून. झोप लागली की पेन वहीवरून रेघ ओढत खाली उतरतं. ती रेघ एकदा ईसीजी वाचणाऱ्यानं बघावी. अगदी सरळ असते.

सीपीआरची, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देण्याची, कार्यशाळा असेल तर चुकवू नका. ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती निदान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. बायका साठ, पुतळा एक. पुतळ्यावर हात ठेवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, उठायचं. पाच सेंटिमीटर खाली काही जात नाही, फोटो मात्र वर जातो, ग्रुपवर.

बाहेर जाणं जमत नसेल तर ऑनलाइन आहेच. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवावा, भाकरी थापावी, अधूनमधून कोरड्या बोटानं ‘नेक्स्ट’ दाबावं. शेवटची परीक्षा घरातल्या हुशार माणसाकडे द्यावी. जैविक कचऱ्याच्या रंगांवरची माझी परीक्षा सातवीतल्या चिरंजीवांनी दिली. रक्तानं भरलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, सलाईनची नळी लाल पिशवीत, फुटकी काच निळ्या खोक्यात, सगळं बरोबर. फक्त सुई त्यानं लालमध्ये टाकली, ती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जाते. दहापैकी नऊ. नोंदणी त्याच्याच नावे करून टाकावी असं क्षणभर वाटलं.

सर्टिफिकेट आलं की आधी आपलं नाव वाचा. माझ्या एकावर आडनाव शेजारणीचं आहे. तिच्यावर माझं. आम्ही दोघी त्या दिवशी शेजारी झोपलो होतो.

आणि एक गोष्ट मुळीच करू नका. मागच्या महिन्यात रात्री अडीचला नव्या सिस्टरला एका आजोबांची शीर सापडेना. जुलाबांनी अंग पार सुकलेलं, दोनदा टोचून झालेलं, पोरगी रडकुंडीला आलेली. मी उगाच मध्ये पडले. हात पलंगाखाली लोंबता ठेवायला सांगितला, कोमट पाण्याची पट्टी गुंडाळली, टूर्निके, म्हणजे आवळायचा पट्टा, बांधला आणि म्हटलं, ‘डोळ्यांनी शोधू नकोस गं, बोटानं शोध. दाबलं की उसळते ती शीर.’ तिनं डोळे मिटले. बोट फिरवत राहिली, थांबली, पुन्हा मागे आली. मग निळी कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी, घातली आणि मागे रक्त आलेलं दिसलं. वीस मिनिटं गेली. ना पत्रिका, ना दीप, ना जेवण. अशा ठिकाणी वेळ घालवू नका, त्याचं क्रेडिट मिळत नाही.

तिनं नोट्समध्ये लिहिलं : २.५० वाजता डाव्या हाताला २२ नंबरची कॅन्युला घातली. सलाईन सुरू.