रिकामी गव्हाण

डिसेंबर उजाडला की कुणी ना कुणी विचारतंच, "काय मग, तुमची दिवाळी जवळ आली ना?" विचारणाऱ्याच्या बोलण्यात आपुलकी असते, म्हणून इतकी वर्षं मी "हो ना" म्हणत आले. यंदा जरा सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतंय. दिवाळीवर माझं अतोनात प्रेम आहे, पण नाताळ आणि दिवाळी यांचं नातं मला फार वरवरचं वाटतं. नाताळचे खरे सख्खे सण दुसरेच आहेत.

मी वसईची, ख्रिस्ती. लग्नानंतर पुण्यात आले, त्याला आता चौदा वर्षं झाली. माहेरचं घर केळीच्या वाडीत, मागे बावखल, म्हणजे लहानसं तळं, आणि शेजारी काकूंचं घर. दोन घरांच्या मध्ये जास्वंदीचं कुंपण होतं, त्यात ये-जा करून पडलेली एक वाट होती. दिवाळीच्या आधी आई त्या वाटेने करंज्या लाटायला काकूंकडे जायची आणि नाताळच्या आधी काकू आमच्याकडे यायच्या. कातणं काकूंचं. पितळेचं, लाकडी मुठीचं. ते दोन्ही सणांना चालायचं. सारणात रवा किती आणि खोबरं किती यावरून दोघींचं वर्षातून दोनदा तेच बोलणं व्हायचं, आणि दोन्ही घरच्या करंज्या चवीला शेवटी एकसारख्याच व्हायच्या.

दिवाळीशी तुलना होते ती या करंजीमुळे, कंदिलामुळे, नव्या कपड्यांमुळे. त्यात खोटं काही नाही. आमच्या दारातली चांदणी बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाचीच असायची. बाबांनी ज्या हातांनी आम्हाला चांदणी करायला शिकवलं, त्याच हातांनी काकूंच्या मुलाला षट्कोनी आकाशकंदील करायला शिकवलं. खळ तीच, गव्हाच्या पिठाची. आणि करंजी तर कुठल्याच एका सणाची नाही. गोव्यात तिला नेवरी म्हणतात. चवथीला गणपतीपुढे नेवऱ्या असतात आणि नाताळात दोदोल, कुलकुलं या गोड पदार्थांच्या जोडीने शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या ताटातही त्याच असतात. फुगे (तळलेले गोल पाव) आणि इंद्याल (मटणाचा आंबट-तिखट रस्सा) सोडलं तर आमच्या ताटातलं बरंचसं शेजारच्यांना ओळखीचं होतं.

पण ताट झालं सणाच्या शेवटाला. त्याच्या आधीचे दिवस पाहिले की चित्र बदलतं.

नाताळच्या आधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो. चर्चमध्ये हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या ठेवतात आणि दर रविवारी एक जास्त पेटवतात. धर्मगुरूंचा झगा जांभळा, फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी. हा काळ वाट पाहण्याचा. दिवाळीच्या आधीही तयारी असते, साफसफाई असते, फराळ असतो, पण "वाट पाहणे" हाच विधी, असं दिवाळीत नाही. ते असतं गणपतीत. देव घरी यायचा आहे, म्हणून मखर आधीपासून तयार आहे आणि मूर्ती यायची आहे. ती मखरातली मोकळी जागा लहानपणी पाहिली असेल, तर आमचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, तुम्हाला लगेच कळेल.

गोठ्याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण माझ्यासाठी नाताळ तिथेच आहे. लूकच्या शुभवर्तमानात म्हटलंय की उतारशाळेत जागा नव्हती म्हणून मरियेने बाळाला गव्हाणीत ठेवलं. त्या एका वाक्यावरून इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली खरी गव्हाण मांडली, गवत पसरलं, बैल आणि गाढव आणून उभं केलं. घरोघरच्या गोठ्यांची प्रथा त्यातून वाढली. आठशे वर्षांनी वसईतली मुलं तेच करतात, आमच्या मातीत, आमच्या पेंढ्याने. पंधरा दिवस आधी पसरट डब्यात माती घालून आम्ही गहू आणि नाचणी पेरायचो. नाताळपर्यंत बोटभर हिरवं उगवलं की ते गोठ्याभोवती शेत म्हणून मांडायचं. आरशाच्या तुकड्याची विहीर, समुद्रावरच्या सुरूच्या फांद्यांची झाडं, गोणपाट चुन्यात बुडवून केलेले डोंगर.

आता सांगा, तुमच्या अंगणातला किल्ला याहून किती वेगळा आहे? हळीव, मोहरी पेरून हिरवळ, गोणपाटाचा डोंगर, मातीची चित्रं. आमचे मेंढपाळ आणि तुमचे मावळे यांच्या उंचीत फरक नसायचा. काकूंच्या किल्ल्यावरची गवळण कितीतरी वर्षं आमच्या गोठ्यात डोक्यावर घागर घेऊन उभी होती, आणि दिवाळीला परत जायची. बेथलेहेमला नऊवारीतली गवळण कशी, असं आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. आजी म्हणायची, बाळंतिणीला दूध नको का कुणी आणायला?

या सगळ्या मांडामांडीत गव्हाण रिकामी असते. मरिया आहे, योसेफ आहे, मेंढरं आहेत, आणि मध्ये पेंढा पसरलेली मोकळी जागा. बाळाची मूर्ती आई रुमालात गुंडाळून कपाटात ठेवायची. आम्ही भावंडं येता-जाता त्या रिकाम्या जागेकडे बघायचो. २४ तारखेला आजीचा उपवास असे. जुन्या पद्धतीत नाताळच्या आदल्या दिवशी उपवास पाळायचे, तिने तो शेवटपर्यंत पाळला. रात्री थंडीत शाली गुंडाळून आम्ही मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचो, आजी तिच्या लाल चौकड्यांच्या लुगड्यात. मध्यरात्री घंटा वाजायच्या, चर्चमधल्या गव्हाणीत बाळ ठेवलं जायचं. घरी आल्यावर आमच्या गोठ्यात बाळ ठेवायचा मान सगळ्यात लहानाचा. मग पाळणागीत. मग उपवास सुटायचा.

मराठी माणसाला हे वर्णन कुठल्या सणाचं वाटतं? दिवसभर उपवास, मध्यरात्री जन्म, पाळणा, गाणं, मग प्रसाद. गोकुळाष्टमीचं. एका बाळाचा जन्म तुरुंगात, एकाचा गोठ्यात. एका बाळाच्या जिवावर कंस, दुसऱ्याच्या जिवावर हेरोद राजा. दोघांनाही घेऊन रातोरात निघावं लागलं, एकाला घेऊन बाप यमुनेपार गेला, एकाला घेऊन आईबाप इजिप्तकडे. श्रद्धा वेगळ्या आहेत, त्यांचा अर्थ वेगळा आहे, ते एकच आहे असं मी म्हणत नाही. पण रात्री बारा वाजता डोळे ताणून जागं राहिलेल्या लहान मुलाला जे वाटतं, ते दोन्हीकडे अगदी एक असतं. काकूंकडच्या सुंठवड्याची चव आणि मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरच्या गरम कॉफीची चव माझ्या जिभेवर एकाच कप्प्यात आहे.

म्हणून माझं उत्तर असं: आमचा नाताळ तुमच्या गोकुळाष्टमीचा सख्खा भाऊ, गणपतीचा चुलतभाऊ, आणि दिवाळीचा शेजारी.

आता ज्याचं मला खरंच वाईट वाटतं, ते सांगते. पुण्यात पहिल्या वर्षी मी नाताळ पाहायला मोठ्या मॉलमध्ये गेले होते. तीन मजली झाड, कापसाचा बर्फ, लाल टोप्या, सांताक्लॉजबरोबर फोटोसाठी रांग. मी सगळा मजला फिरले. गोठा कुठेच नव्हता. ऑफिसातही दरवर्षी लाल कपडे, केक, भेटवस्तूंच्या चिठ्ठ्या होतात, आणि मी त्यात आनंदाने असते. मुलांना सांता आवडतो, आवडू दे. पण ज्याचा वाढदिवस आहे ते बाळ कुठे आहे, हे त्या तीन मजल्यांत एकाही माणसाला विचारावंसं वाटलं नाही. गणपतीच्या दहा दिवसांत फक्त मोदक, ढोल आणि रोषणाई ठेवली आणि मखर रिकामंच राहिलं, तर तुम्हाला कसं वाटेल? मला तसं वाटलं. घरी येऊन मी त्या रात्री आईला फोन केला आणि गहू कधी पेरायचे ते विचारून घेतलं.

दुसरी गोष्ट तारखांची. बाजाराचा ख्रिसमस २६ तारखेला उतरवला जातो. आमच्याकडे २५ला नाताळकाळ नुकता सुरू झालेला असतो. गोठा पुढे बाळाला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत राहतो. गोव्यात रेइश मागुश, चांदर, कासावली-कुवेली इथे ६ जानेवारीला तीन मुलगे राजांच्या वेशात निघतात, ते पाहायला माणसं लांबून येतात. दिवाळीतही भाऊबीज झाली की बाजार उठतो, पण ज्यांच्या अंगणात तुळस आहे त्यांची दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत चालते. सण मनापासून करणाऱ्यांना शेपटीचे दिवसच जास्त प्रिय असतात. पाहुणे गेलेले, फराळाचा डबा तळाला लागलेला, आणि पणती अजून रोज लावायची. नाताळचे माझे सर्वात आवडते दिवस २७ ते ३१.

एक बदल मात्र मी मान्य केलाय. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर बंधनं असतात, म्हणून उघड्यावर होणाऱ्या मिस्सा अनेक ठिकाणी संध्याकाळीच सुरू होतात. आजारी माणसं, लहान मुलं शांत झोपावीत हे बरोबरच आहे. मला फक्त माझ्या लेकीसाठी वाटतं, की तिला "बारा वाजले का?" असं दर पाच मिनिटांनी विचारता आलं पाहिजे. म्हणून घरचा गोठा आम्ही बारालाच पूर्ण करतो.

आणखी एक, राग न मानता ऐका. "तुम्ही ख्रिश्चन, तरी मराठी इतकं छान!" हे कौतुक आता थांबवूया. नाताळ हा शब्द पोर्तुगीज आहे, खरा. पाव, चावी, पगार हेही तिकडचेच, ते कुणाला परके वाटत नाहीत. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचं राज्य होतं, त्या काळात धर्म बदलला, पण आजीच्या जात्यावरची भाषा बदलली नाही. येशूजन्माची कथा इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराणात मराठी ओव्यांत लिहिली, ते पुराण छापलं गेलं १६१६ साली, गोव्यात. म्हणजे मराठीत नाताळ चारशे वर्षांहून जुना आहे. माझी नगरची मैत्रीण प्रोटेस्टंट, तिच्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर होतात. ती ऐकताना वारकरी घरातला माणूस पहिल्या कडव्यालाच ताल धरतो, मी पाहिलंय.

यंदाचे गहू १० तारखेला पेरले. लेक रोज पट्टीने मोजते, कालपर्यंत दोन सेंटीमीटर. काकू आता नाहीत. त्यांच्या सुनेने मागच्या महिन्यात वसईहून एक पुडकं पाठवलं, त्यात कातणं होतं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती मातीची गवळण. तिच्या घागरीचा काठ फुटलाय. लेकीने तिला गव्हाणीच्या अगदी जवळ उभं केलंय.

पुण्यात असाल तर या. २५ला गर्दी असेल, २६ नंतर आलात तरी चालेल. गोठा ६ जानेवारीपर्यंत आहे.