साठ हजाराची गोळी रोज? किडनी ‘धुतली’ जात नाही, बसते

गेले काही दिवस एक फॉरवर्ड कुटुंबाच्या, सोसायटीच्या, भजनी मंडळाच्या, सगळ्या ग्रुपवर फिरतोय. व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची गोळी रोज एक, अशी तीन महिने घ्या, म्हणजे एकही व्हायरस अंगाला शिवणार नाही, असं त्यात आहे. शिवाय किडनी आतून धुऊन निघेल, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) खाली येईल. चंदीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेने म्हणे हे सिद्ध केलंय. गोळी जास्त झाली तरी काळजी नको, जादाचं लघवीवाटे निघून जातं. आणि डॉक्टर हे सांगत नाहीत, कारण त्यांचं दुकान बंद होईल.

माझं मेडिकल आहे. असले मेसेज काउंटरवर रोज वाचून दाखवले जातात, मी मान हलवतो आणि विषय बदलतो. पण या वेळी मावशीचा फोन आला. “अरे, ती साठ हजारवाली पाठवून दे. तीस दे, महिन्याच्या.” मावशीला जुना मधुमेह, क्रिएटिनिन आधीच १.८, म्हणजे वाढलेलं, त्यात रात्रीची कॅल्शियमची गोळी चालू. ही गोळी बहुतेकदा आठवड्याला एक अशी लिहिलेली असते. म्हणजे मावशीने महिन्यासाठी मागितलेला माल खरं तर सात महिन्यांचा होता.

सगळ्यात घातक वाक्य आहे ते लघवीचं, म्हणून आधी तेच घेतो. बी कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीधम्मक होते, हे सगळ्यांनी पाहिलंय. ते व्हिटॅमिन पाण्यात विरघळतं, जादाचं बाहेर पडतं. डी तसलं नाही. ते चरबीत विरघळतं आणि शरीरात साठून राहतं. रक्तातलं त्याचं प्रमाण नुसतं निम्म्यावर यायलाच दोन-तीन आठवडे लागतात. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ६०० युनिट. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घ्यायची वरची मर्यादा ४,०००. फॉरवर्ड सांगतोय ६०,०००, म्हणजे मर्यादेच्या पंधरापट, तेही रोज, आणि आदल्या दिवशीचं अंगात शिल्लक असताना.

मग होतं काय? डी वाढलं की आतडी अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढतात, हाडांतूनही कॅल्शियम सुटतं, आणि रक्तातलं कॅल्शियम चढतं. चढलेल्या कॅल्शियममुळे किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही. माणसाला सारखी लघवी लागते, सारखी तहान लागते. आता मेसेज वाचलेल्या माणसाला याचा अर्थ काय लागेल? “बघा, किडनी धुतली जातेय!” तो खूश होऊन दुसरी पट्टी आणेल. प्रत्यक्षात निघून जातंय ते पाणी. अंगातलं पाणी आटतं, कॅल्शियम आणखी चढतं, ते किडनीच्या ऊतींमध्ये साचायला लागतं, खडे होतात, आणि शेवटी किडनी बसते. सोबत मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, कधी भ्रम. म्हाताऱ्या माणसाने असंबद्ध बोलायला सुरुवात केली तर घरच्यांना डी आठवतही नाही.

हे पुस्तकी नाही. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर संस्थेच्या डॉक्टरांनी २०११मध्ये अशा दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. उलट्या, शुद्ध हरपणं, बद्धकोष्ठ, स्वादुपिंडाला सूज, किडनीला अचानक इजा, असा सगळा प्रकार. दहाही जणांच्या बाबतीत कारण एकच, व्हिटॅमिन डीचे अवाढव्य डोस. आणि हे अशा भागात, जिथे डीची कमतरता घरोघरी आहे. म्हणजे “आपल्याकडे सगळ्यांनाच कमी असतं, मग घेतलं तर काय बिघडलं” हेही तिथेच निकालात निघालं.

क्रिएटिनिन खाली येण्याचं म्हणाल, तर गाडी उलटीच जोडलीय. आपण गिळतो ते डी तसंच्या तसं कामाचं नसतं. आधी यकृतात त्यावर एक प्रक्रिया होते, मग त्याला अंगात कामाला लागणारं रूप मुख्यतः किडनी देते. किडनी दुबळी झाली की हे काम मंदावतं. म्हणून किडनीच्या रुग्णांना डॉक्टर डी देतात, कधी त्याचं तयार सक्रिय रूपही देतात, पण हाडांसाठी आणि रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींसाठी, तेही कॅल्शियम-फॉस्फरस तपासत. किडनी सुधारावी म्हणून डी देऊन पाहिलेलं नाही असंही नाही. अमेरिकेत टाइप २ मधुमेहाच्या १,३१२ लोकांवर पाच वर्षं चाचणी झाली. डीच्या गटाला रोज २,००० युनिट, इतरांना नुसती दिसायला सारखी गोळी. २०१९मध्ये निकाल आला: किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही. मावशीसारखीच मधुमेही माणसं होती ती. ज्यांना रोज दोन हजारांनी पाच वर्षांत काही फायदा झाला नाही, त्यांची किडनी साठ हजारांनी तीन महिन्यांत कशी धुतली जाणार?

आता पीजीआय. हे मात्र हवेतून आलेलं नाही, एवढं नाइलाजाने मान्य करतो. २०२०मध्ये तिथल्या डॉक्टरांनी खरंच रोज ६०,००० युनिट दिले होते. पण ज्यांचं डी तपासून कमी निघालं अशाच, लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य कोविडच्या रुग्णांना, सुरुवातीला सात दिवस, आणि पातळी मोजत. माणसं किती? दोन्ही गट मिळून ४०. डी घेतलेल्या १६पैकी १० जणांची चाचणी तीन आठवड्यांच्या आत निगेटिव्ह आली, न घेतलेल्या २४पैकी ५ जणांची. यातून कोविड होतच नाही असं निघत नाही, कारण ही माणसं आधीच पॉझिटिव्ह होती. आणि सात दिवसांचे तीन महिने कुणी केले? पीजीआयने नक्कीच नाही.

दुसरंही एक अर्धसत्य आहे. प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये डीला चिकटायला जागा असतात, आणि ज्यांच्या अंगात डी अगदीच तळाला गेलंय त्यांना थोड्या, नियमित डोसने श्वसनाचे संसर्ग जरा कमी होतात, असं २०१७च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. पुढे अधिक चाचण्यांची भर पडत गेली तसा हा फायदाही पातळ होत गेला. ब्रिटनमध्ये सहा हजारांवर लोकांना घेऊन, डी कमी असलेल्यांना सहा महिने गोळ्या देऊन पाहिलं. २०२२मध्ये निकाल: ना कोविड कमी, ना इतर सर्दी-खोकला.

बाकीचं फार खल करण्यासारखं नाही. डॉक्टर डी लपवतात म्हणणाऱ्याने माझ्या काउंटरवर एक दिवस बसावं. गुडघा दुखो की केस गळोत, चिठ्ठीत साठ हजारची एक ओळ असतेच, उलट कधी कधी जरा जास्तच. “सोबत के-२ (व्हिटॅमिन केचा एक प्रकार) घेतलं की धोका नाही” अशी पुरवणी हल्ली जोडलेली असते. तिच्यावर विसंबू नका, आणि रक्त पातळ करायला वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय के-२ला हातच लावू नये, वॉरफरिनचा असर कमी होतो.

कुणी हे आधीच सुरू केलं असेल तर आजच थांबवा, सोबतची कॅल्शियमची गोळीही डॉक्टरांना विचारेपर्यंत बाजूला ठेवा. तहान, सारखी लघवी, उलट्या, बद्धकोष्ठ, सुस्ती यांतलं काही असेल तर उद्यावर न टाकता दाखवा आणि किती गोळ्या झाल्या तो खरा आकडा सांगा. काही त्रास नसला तरी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आला तरी काही आठवड्यांनी पुन्हा करायला लागेल का, ते डॉक्टरांना विचारा, कारण गोळी बंद झाली तरी साठलेलं डी अंगात बरेच दिवस काम करत राहतं.